संतरीने मुलूख विचारला

मी सखाराम इंगळे, राहणार देऊळघाट, जिल्हा बुलढाणा. लढाई पेटल्यावर फौजेत गेलो आणि लढाई संपल्यावर नाईक होऊन घरी आलो. आमच्या तुकडीचं काम टेलिफोनच्या तारा टाकण्याचं आणि तुटलेल्या तारा जोडण्याचं. रायफल पाठीवर असायची, पण हातात बहुतेक वेळा पक्कड. गावातली माणसं मला जपान्यांबद्दल विचारतात. जपानी मी फार जवळून पाहिले नाहीत. माझ्या ध्यानात राहिली आहे ती एक सकाळ, आणि त्या सकाळी आम्हाला विचारलेला एक साधा प्रश्न.

तो प्रश्न मला पहिल्यांदा मलकापूरला, भरतीच्या टेबलापुढे विचारला गेला होता.

"प्रांत?" कारकुनाने विचारलं.

"वऱ्हाड."

"वऱ्हाड प्रांत नाही. सी. पी. अँड बेरार." त्याने लिहून घेतलं आणि पुढच्याला हाक मारली.

घरी येऊन बापाला सांगितलं. बाप बैलांना सरकी घालत होता. तो म्हणाला, "त्याचं त्यालेच समजलं नसन. कागदावर मुलूख निजामाचा, हुकूम गोऱ्याचा अन् कचेरी नागपूरची. तू आपलं वऱ्हाडच सांगत जाय."

"पण लोकाईले समजत नाही ना, बाबा."

"नाही समजत तं समजावून सांग. काऊन लाजतं बे?"

बापाचं म्हणणं खरं होतं. आमच्याकडे अशीच व्यवस्था होती. देऊळगाव राजा ओलांडून जालन्याच्या रस्त्याला लागलं, की लोक म्हणायचे, आता मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, लागली. माझी बहीण जालन्यात दिलेली होती. तिच्या घरी जाताना आम्ही वऱ्हाडातून मोगलाईत जायचो. नाक्यावर गाडी थांबवून झडती व्हायची. अलीकडे कपाशी, पलीकडेही कपाशी. बोलणं थोडं बदलायचं, एवढंच. लहानपणी मला वाटायचं की देश म्हणजे असाच असणार. एक नाका, आणि नाक्याच्या पलीकडे बहीण.

ट्रेनिंग जबलपूरला झालं. जबलपूर आमच्याच प्रांतातलं. तिथे तरी वऱ्हाड माहीत असेल अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी उस्तादाने मला "बंबईवाला" करून टाकलं. मी मुंबई पाहिलेली नव्हती. तसं सांगितलं तर तो म्हणाला, "मरहट्टा है ना? तो बंबईवाला."

माझ्या शेजारच्या खाटेवर मुथय्या होता. उंच, काटक, फार कमी बोलणारा. त्याला सगळी बरॅक "मद्रासी" म्हणायची. मीही म्हणायचो. आठवड्याभराने त्याने मला थांबवलं. त्याचं हिंदुस्तानी मोडकं होतं.

"मद्रास मेरा गाव नहीं. मद्रास जाने को पूरा रात गाडी में बैठना. मेरा जिल्हा तिरुनेलवेली."

"और मेरा बुलढाणा," मी म्हणालो. "बंबई जाने को मुझे भी पूरी रात."

तो हसला. त्या दिवसापासून आमची जोडी जमली. त्याचा बाप ताडाच्या झाडांवर चढून रस काढायचा. मुथय्याही तेच काम करत मोठा झालेला. जंगलात तार उंच बांधायची असली की आम्ही शिडी शोधायचो आणि तोवर मुथय्या वर पोचलेला असायचा. पायांना दोरीचा फास, दातांत तार. खाली उतरून कधी बढाई नाही. हात झटकायचा आणि पुढच्या झाडाकडे निघायचा.

जेवताना तो भाताशिवाय दुसऱ्या कशाकडे बघत नसे. मी भाकरीसाठी झुरायचो. लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, आम्हा दोघांनाही गव्हाची रोटी मिळायची. दोघेही सारखेच नाराज, हीही मैत्रीला एक जागा झाली.

पुढे आमचं पोस्टिंग इंफाळच्या पलीकडच्या टेकड्यांत झालं. आमच्या सेक्शनचा हवालदार फजल करीम, झेलमकडचा. कडक माणूस, पण जवानाआधी कधी जेवायला बसला नाही. त्याचं एक्स्चेंज मागच्या टेकडीवर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात होतं. तिथून पुढच्या कंपनीपर्यंत आमची तार जायची. मध्ये उतार, नाला, बांबूचं बन आणि पुन्हा चढ. रोज सकाळी लाईन टेस्ट. आवाज आला तर चहा. नाही आला तर पक्कड, इन्सुलेशन टेप आणि टेस्टचा टेलिफोन घेऊन दोघे जण निघायचे. तार मुठीत सैल धरून चालत राहायचं. जिथे ती हातातून संपली, तिथे काम. कधी तोफगोळ्याने तुटायची, कधी खेचरांच्या खुरांनी. दुरुस्ती करायची आणि परत फिरायचं. असे कित्येक दिवस गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या सकाळी पाचच्या सुमारास टेस्ट केली, तर लाईन रात्रीच कधीतरी बंद पडलेली. धुकं एवढं होतं, की पुढे पसरलेला हात धूसर दिसत होता. पुढची कंपनी रात्रीच बदलली होती. जुनी कंपनी मागे आली आणि तिच्या जागी शिखांची कंपनी गेली. तिच्यातला एकही माणूस आमच्या ओळखीचा नव्हता.

फजल करीम म्हणाला, "इंगळे, मुथय्या. लाईन पार्टी. आज का लफ्ज याद है?"

"जी, उस्ताद."

"नाले में संभल के."

नाला ओलांडल्यावर तारेचं टोक सापडलं. मी टोक हातात घेतलं आणि थांबलो. गोळ्याने तुटलेली तार पिंजल्यासारखी होते. ही पकडीने कापावी तशी कापलेली होती. मी मुथय्याला टोक दाखवलं. त्याने रायफल खांद्यावरून काढून हातात घेतली.

मागचं टोक मी टेस्टच्या टेलिफोनला जोडलं.

"एक्स्चेंज, लाईन पार्टी. नाले के पार से बोल रहा हूँ."

"आवाज साफ," फजल करीम म्हणाला. "आगे की कंपनी चुप है."

"तार काटी गई है, उस्ताद."

 फजल करीम म्हणाला, "पीछे मत आना. नाले में कोई बैठा होगा. तार लेकर आगे जाओ. वह लाईन चाहिए. तोपें उसी के भरोसे हैं."

पुढची तार कितीतरी लांब उचलून नेलेली होती. आम्ही नवी तार टाकत निघालो. रीळ मुथय्याच्या पाठीवर, मी पुढे. बांबूचं बन सोडून चढाला लागलो. एकदा मागे नाल्यात दगड घसरल्याचा आवाज आला. दोघेही जागच्या जागी बसलो. पुन्हा काही ऐकू आलं नाही. तसेच वर चढत राहिलो.

वरून आवाज आला, "हुकुमदर!"

इंग्रजीतल्या 'हू कम्स देअर' या सवालाचं आमच्या पलटणींनी असं केलं होतं.

"दोस्त," मी म्हणालो आणि त्या दिवसाचा परवलीचा शब्द सांगितला.

 रायफलचा बोल्ट मागेपुढे झाल्याचा आवाज आला.

काय झालं होतं ते आम्हाला नंतर कळलं. रात्री त्यांच्या काटेरी तारेजवळ येऊन कुणीतरी हिंदुस्तानीत हाक मारली होती आणि तोच शब्द सांगितला होता. पाठोपाठ ग्रेनेड आला. त्यांचा एक माणूस गेला. कंपनीने तेव्हाच शब्द बदलला. ही खबर मागे द्यायची तर टेलिफोन हवा, आणि टेलिफोन बंद होता. म्हणून आम्ही घेऊन आलो तो शब्द नेमका शत्रूचा ठरला.

"हाथ ऊपर. हिलना मत. कौन हो?"

"सिग्नल. लाईन पार्टी. दो आदमी."

"कौन मुलुक?"

वेष कुणीही घालू शकतो, भाषा कुणीही शिकू शकतो, म्हणून संतरींना जिल्हा, मुलूख विचारायचा हुकूम होता. मला हायसं वाटलं. हे उत्तर तरी माझ्याजवळ पक्कं होतं.

"बरार," मी म्हणालो.

"की?" त्याने पंजाबीत विचारलं.

"बरार. मैं बरार का हूँ."

धुक्यातून तो जवळजवळ ओरडलाच. "ओए, बराड़ ते साडा गोत ऐ! मेरे नानके बराड़ ने! तू कित्थों दा बराड़?"

त्याच्या आईचं घराणं बराड. ते एका शीख कुळाचं नाव आहे हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. त्याच्या दृष्टीने एक खोटारडा माणूस धुक्यात उभा राहून त्याच्याच आजोळचं नाव सांगत होता.

"गोत नहीं, सूबा," मी म्हणालो. "सी. पी. बरार. नागपूर की तरफ."

"कोई सूबा नहीं बरार. दूसरा कौन?"

"मुथय्या. तिरुनेलवेली," मुथय्या म्हणाला.

ते नाव त्याने बहुधा जन्मात ऐकलं नव्हतं. वर दुसरा बोल्ट वाजला. मी मुथय्याला खाली ओढलं. आम्ही चिखलात पालथे पडलो. वर आमच्यावर रोखलेल्या आमच्याच रायफली, आणि खाली नाल्यात ते, ज्यांनी तार कापली होती. एवढ्या आरडाओरड्याने आमची जागा त्यांनाही कळली असणार, हे मला समजत होतं.

मग वर दुसरा आवाज आला. वयस्क, सावकाश. तो हवालदार हरनाम सिंग होता.

"जागीर, ठहर." मग आमच्याकडे तोंड करून, "ओ बरार वाले. तेरे मुलुक के पास क्या है? कोई ऐसी जगह बता जो मैं जानता हूँ."

चिखलात तोंड असताना माणसाला फार सुचत नाही. मला बहिणीचं घर आठवलं. जालन्याचं स्टेशन आठवलं. त्या स्टेशनवर गाडी थांबली, की लांब दाढ्यांचे पंजाबी म्हातारे आणि पांढऱ्या ओढण्यांच्या बायका पाणी भरायला उतरायच्या. मेहुणा एकदा म्हणाला होता, हे सगळे नांदेडला चालले.

"हुजूर साहिब!" मी ओरडलो. "नांदेड! मेरे घर से दूर नहीं!"

वर कुणीतरी 'वाहेगुरू' म्हणालं.

"कौन सा दरिया?" हरनाम सिंगने विचारलं.

"गोदावरी."

"गाड़ी कहाँ बदलते हैं?"

"मनमाड. बड़ी लाईन से छोटी लाईन."

"उसके आगे?"

"औरंगाबाद. जालना. परभणी. जालने में मेरी बहन है."

हरनाम सिंग म्हणाला, "मेरी माँ ने वहाँ मत्था टेका है. मैं गोद में था." मग तो संतरीला म्हणाला, "आने दे. एक-एक करके."

मी मुथय्याच्या खांद्याला हात लावला. आम्ही सरपटत निघालो. तेवढ्यात खालून, नाल्यातून, मशीनगन सुरू झाली.

मी खंदकात पडलो. मागे पाहिलं तर मुथय्या खंदकापासून काही हात अलीकडेच पडलेला. गोळी पोटात लागली होती. पाठीवरचं रीळ निखळून उतारावर गेलेलं, पण तारेचं टोक त्याने मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. जागीर सिंग, ज्याने आम्हाला अडवलं तोच, खंदकातून उडी मारून बाहेर गेला. गोळ्या चालू होत्या. त्याने मुथय्याला काखेत धरून आत ओढलं. टोक सोबत आलं.

"जोड," मुथय्या मला म्हणाला. "पहले जोड."

मी जोडलं. सांधा नीट बसला. कंपनीचा टेलिफोन फिरवला.

"एक्स्चेंज!" मी हाक दिली.

"बोलो," फजल करीम म्हणाला.

"लाईन चालू. कंपनी साहब को तोपें चाहिए."

कंपनी कमांडरने माझ्या हातातून टेलिफोन घेतला. थोड्या वेळाने आमच्या तोफांचे गोळे डोक्यावरून जाऊन नाल्यात पडू लागले. धुकं उठलं तेव्हा नाल्यात कुणी नव्हतं. शत्रूने त्या सकाळी मोठा हल्ला आखला होता, असं पुढे ऐकलं. तो झाला नाही. कंपनी त्या टेकडीवरून हलली नाही.

मुथय्या दुपारपर्यंत होता. डॉक्टरने त्याला मागे न्यायची तयारी केली होती, स्ट्रेचर आलं होतं. माझ्याशी तो मध्येच हिंदुस्तानीत आणि मध्येच तमिळमध्ये बोलत होता. तमिळ मला समजत नव्हतं. मी हो म्हणत राहिलो.

संध्याकाळी टेकडीच्या मागच्या बाजूला आम्ही त्याला अग्नी दिला. लाकडं ओली होती. जागीर सिंगने कुठून कोण जाणे, कोरडा बांबू आणला. दोन खेपा केल्या. मग माझ्याशेजारी उभा राहिला. 

"बरार कित्थे ऐ, यार?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. आमचा डोंगर, पैनगंगा, कपाशी, मलकापूरचं स्टेशन. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "ते तिरुनेलवेली?"

मुथय्याने मला सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं. मग मी त्याला विचारलं, "तू कुठला?" तो म्हणाला, फिरोजपूर. मी त्याला खरं ते सांगितलं, की हे फिरोजपूर कुठे आहे ते मलाही ठाऊक नाही. त्याने मान हलवली. मी त्याला दोष दिला नाही. त्याच्या जागी मी असतो आणि कुणी मला आजोळच्या आडनावाचा सुभा सांगितला असता, तर मीही बोल्ट ओढला असता.

आमच्या सुभेदारसाहेबांनी मात्र ती गोष्ट मनाला लावून घेतली. त्या आठवड्यापासून संध्याकाळच्या हजेरीनंतर रोज एक जवान उभा राहायचा आणि आपला मुलूख सांगायचा. जिल्हा कोणता, नदी कोणती, पिकतं काय, जवळचं स्टेशन कोणतं, कुठला देव. सुरुवातीला लोक हसायचे. मग त्यांना त्याची गोडी लागली. गढवालचा एक पोरगेला शिपाई आपल्या गावाचा चढ सांगता सांगता रडला आणि कुणी त्याला हसलं नाही. फजल करीमने झेलम नदीबद्दल सांगितलं तेव्हा तो एवढा बोलू शकतो हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. लढाई संपेपर्यंत आमच्या सेक्शनमध्ये कुणी कुणाला मद्रासी किंवा बंबईवाला म्हटलं नाही. माणसाचं नाव आणि जिल्हा, असंच म्हणायचे. शाळेत नकाशा टांगलेला मी पाहिला होता. पण देश मला त्या हजेरीत कळला.

सुटून आल्यावर मी आधी तिरुनेलवेलीला गेलो. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आताच तं आला, अन् पुन्हा कुठी चालला?"

"मुथय्याच्या घरी."

"मंग जाय," ती म्हणाली आणि सोबत तिळाचे लाडू बांधून दिले.

तेनकाशीच्या रस्त्यावर पुदूर नावाचं छोटं गाव आहे. घर सापडायला वेळ लागला नाही, उंच पोराचं घर म्हणून सगळे दाखवत. बाप अंगणात दोरी वळत बसला होता. वय झालं होतं, झाडावर चढणं सुटलं होतं. पोस्टमास्तरला थोडं हिंदुस्तानी येत होतं. तो मध्ये बसला.

बापाने पहिलं विचारलं, "त्याला भात मिळत होता का?"

"कधी कधी," मी सांगितलं. खोटं बोलायला जीभ वळली नाही.

मग त्याने विचारलं, "तुम्ही कुठले?"

मी वऱ्हाड म्हणालो. पोस्टमास्तरलाही ते माहीत नव्हतं. मी नागपूर म्हणालो, मुंबई म्हणालो, गोदावरी म्हणालो.  मग म्हाताऱ्याने दुसरंच विचारलं, "तुमची नदी कोणत्या बाजूला वाहते?"

"पूर्वेला."

"आमचीही," तो म्हणाला. त्याला तेवढं पुरलं. त्याने मुथय्याच्या आईला हाक मारली आणि केळीचं पान मांडायला सांगितलं.

जागीर सिंगची भेट पुढे आमच्याच जिल्ह्यात झाली. पंजाबची फाळणी झाल्यानंतरचं वर्ष होतं. तो फौज सोडून लॉरी चालवत होता आणि कापसाच्या गाठी भरायला खामगावला आला होता. तिथून विचारत विचारत देऊळघाटला पोचला. दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, "बरार वालेया! लभ लिया तेरा सूबा!"

आई घाबरून बाहेर आली. "कोण आहे रे हा? काय म्हणून राह्यला?"

"माझा मुलूख सापडला म्हणते, माय."

"मंग हरवला कवा होता?" आई म्हणाली आणि चुलीकडे वळली. जागीर त्या दिवशी ज्वारीच्या चार भाकरी जेवला. फजल करीमची खबर मी त्याला विचारली. झेलम आता दुसऱ्या देशात गेलं होतं. जागीर म्हणाला, एका मोटारवाल्याकडून ऐकलं, सुखरूप आहे. आम्ही दोघेही त्यावर खूष झालो. हरनाम सिंग मात्र गेला होता. लढाई संपण्याच्या थोडं आधी, ब्रह्मदेशात इरावती ओलांडताना.

आता पुन्हा प्रांतांची चर्चा चालू आहे. वऱ्हाड कुठे जाणार, नागपूर कुठे राहणार, यावर आमच्या पारावर रोज वाद होतात. रेघा बदलतील. मोगलाईचा नाका उठला, तो माझ्या डोळ्यांदेखत. बहिणीकडे जाताना आता कुणी अडवत नाही. पुढेही चांगलंच होईल असं मला वाटतं. मी पोरांना एवढंच सांगतो, रेघ कुठेही पडो, पलीकडे कोण राहतं ते विचारून ठेवा.

पितृपक्षात आमच्या घरी बापाचं पान वाढतात. त्याच्याशेजारी दोन पानं जास्त असतात. पहिल्या वर्षी भटजींनी विचारलं, हे कोणाचं? मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई आतून भाताचं भांडं घेऊन आली. ती मलकापूरच्या पलीकडे कधी गेलेली नाही. तिने एका पानावर भात वाढला आणि म्हणाली, "हे हरनाम सिंगाचं, पंजाबातलं." मग दुसऱ्या पानावर आणखी जास्त भात वाढला. "अन् हे मुथय्याचं. गाव पुदूर, तालुका तेनकाशी, जिल्हा तिरुनेलवेली."